प्रयोगशाळेतील हात

१

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रथम वर्ष विज्ञानाच्या बॅचचे प्रॅक्टिकल चालू होते. पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग होता, दरवर्षीचाच. नमुन्याचे पाणी शीशीत तयार, ई.डी.टी.ए.चे द्रावण ब्युरेटमध्ये भरलेले, आणि येणारे उत्तर मागल्या वर्षीच्या जर्नलमध्ये लिहिलेले. एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, आमच्या वस्तीतल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आई सोडा टाकते तेव्हा कुठं शिजते. गावातल्या नळाचं पाणी एखाद्या दिवशी मिळालं तर लगेच शिजते. त्याचा नि या प्रयोगाचा काही संबंध आहे का?"

उत्तर मला पाठ होते. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातील पेक्टिनशी बांधले जातात, पेशींच्या भिंती सैल होत नाहीत, दाणा टणक राहतो. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. खडू हातात घेतलाही होता. पण त्या दिवशी मी तो खाली ठेवला आणि तिलाच विचारले, "हे तपासायचं झालं तर तू काय करशील?"

ती गोंधळली. तिच्याहून मी अधिक गोंधळलो. कारण शाळा-महाविद्यालयातल्या माझ्या सबंध शिक्षणात हा प्रश्न मला कोणीही विचारलेला नव्हता, आणि शिकवायला लागल्यापासून मीही तो कोणाला विचारलेला नव्हता. हा प्रश्न विचारायला मला इतकी वर्षे का लागली, आणि आपल्या देशात ज्यांनी तो पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलांना विचारला त्यांचे पुढे काय झाले, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे. विज्ञान कसे शिकवावे हा केवळ शिक्षणशास्त्राच्या पदविकेपुरता विषय आहे असे मानणाऱ्या आपल्या चळवळीतील मित्रांनाही तो वाचावा अशी विनंती आहे. प्रयोगाला हात कोणी लावायचा हा आपल्या समाजात कधीही निव्वळ शैक्षणिक प्रश्न नव्हता.

२

माझ्या घरात शाळेची पायरी ओलांडून महाविद्यालयात गेलेला मी पहिला. आमच्या शाळेत विज्ञानाचे एक कपाट होते. त्याच्या काचेतून चंचुपात्रे, एक भिंग आणि स्पिरिटचा दिवा दिसे. कुलूप कायमचे. तपासणीच्या दिवशी ते उघडत, सामान पुसून टेबलावर मांडत आणि साहेब गेले की परत आत ठेवत. ऑक्सिजन कसा तयार करतात हे आम्ही आकृतीवरून पाठ केले. आकृतीला पाच गुण असत.

पुढे बी.एस्सी.ला खरी प्रयोगशाळा मिळाली. चौघांचा गट. पहिल्याच दिवशी गटातल्या एकाने मला सांगितले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू रीडिंग लिही." त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, इंग्रजी शाळेतून आलेला तो मुलगा ब्युरेट सहज धरत होता, आणि माझे हात काच फुटेल, भरपाई द्यावी लागेल, या भीतीने थरथरत होते. मी लिहू लागलो. तीन वर्षे लिहिले. प्रॅक्टिकल संपले की परीक्षानळ्या धुण्याचे कामही माझ्याकडे आणि दुसऱ्या एका आदिवासी मुलाकडे कसे आले ते मला आठवत नाही. कोणी नेमले नव्हते. आम्ही आपण होऊनच नळाशी गेलो असू. गटात आकडे जुळले नाहीत की उत्तरावरून उलट जाऊन रीडिंग बसवायचे, ही कला मात्र मी चांगली शिकलो. प्रॅक्टिकलमध्ये मला नेहमी उत्तम गुण मिळाले.

यातला उपरोध पुढे लक्षात आला. माझ्या आजोबांच्या हाताला सगळी कामे होती: चामडे, दोर, लाकूड, दगड. लेखणी तेवढी नव्हती. नातवाला लेखणी मिळाली तेव्हा हात काढून घेतले गेले. मी एम.एस्सी.ला जाईपर्यंत ब्युरेटची तोटी एकट्याने फिरवून रंग बदलण्याचा नेमका थेंब पकडलेला नव्हता.

३

हात आणि विद्या यांची ही ताटातूट माझ्या महाविद्यालयात सुरू झालेली नाही. बंगालचे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन भारतात धातुविद्या, औषधे, रंग यांचे एवढे ज्ञान असताना प्रयोगाची परंपरा का खुंटली, या प्रश्नाला त्यांनी दिलेले एक ठळक उत्तर आहे जातिव्यवस्था. कारागिरी खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली. ज्यांना शास्त्र लिहिण्याचा अधिकार होता त्यांचा वस्तूंशी संबंध तुटला. आणि जे वस्तू हाताळीत होते त्यांना कारण विचारण्याचा, लिहून ठेवण्याचा अधिकार नव्हता. शवविच्छेदनाला सुश्रुताने महत्त्व दिले होते, परंतु प्रेताच्या स्पर्शाने विटाळ मानणाऱ्या स्मृतींच्या राज्यात शल्यविद्या वैद्यांच्या हातून निसटली, हेही राय दाखवून देतात. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली मधुसूदन गुप्त आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले, ती त्या काळी एक क्रांतीच मानली गेली. वास्तविक प्रेताला आणि मेलेल्या जनावराला हात लावणारे लोक या देशात पिढ्यान्‌पिढ्या होते. जनावर फाडताना त्याचे आतडे, हृदय, फुप्फुस ज्यांनी रोज पाहिले, त्यांच्या पाहण्याला मात्र ज्ञानाचा दर्जा कोणी दिला नाही.

महात्मा फुले यांना ही ताटातूट स्पष्ट दिसली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार धरण्याची ज्यांना लाज वाटत नाही असे असावेत, असा आग्रह धरला. आजच्या शिक्षणशास्त्रात कृतियुक्त शिक्षणावर ग्रंथ निघतात. जोतीरावांनी ती मागणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, शिक्षकाच्या हातापासून सुरुवात करून केली होती.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहेत. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून आणलेले गोणपाट. शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले तेव्हा सवर्ण मुले फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला धावली. या प्रसंगाकडे आपण अपमानाची कथा म्हणून पाहतो, आणि ती आहेच. शिक्षक म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. विद्यार्थ्याने जागेवरून उठावे, पुढे यावे, फळा स्वतःच्या हाती घ्यावा हीच तर चांगल्या शिक्षणाची सुरुवात. आणि नेमक्या त्याच क्षणी वर्गातली जातिव्यवस्था जागी झाली. तो विद्यार्थी मागे बसून निमूट ऐकत होता तोवर डबे सुरक्षित होते.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे त्यांना जॉन ड्युई हे गुरू लाभले. ड्युई यांनी १८९६ साली शिकागोत एक प्रयोगशील शाळा काढली होती. तिथली मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करीत, आणि त्या कामातूनच उष्णता, पाणी, धान्य यांचे विज्ञान शिकत. विचार म्हणजे अडचणीपाशी थांबून, तर्क करून, तो अनुभवाने तपासणे, अशी ड्युई यांची मांडणी होती. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी ड्युई यांचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. रूढीला प्रमाण न मानता तिची परीक्षा घेणे हे बाबासाहेबांच्या राजकारणाचे आणि धर्मचिकित्सेचे सूत्र होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे करताना त्यांनी कलाशाखेबरोबर विज्ञानालाही जागा दिली, हे आपण विसरू नये.

४

आता होशंगाबादकडे येतो. काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात मला 'बाल वैज्ञानिक' हे हिंदी पाठ्यपुस्तक मिळाले. विज्ञानाचे पुस्तक, परंतु व्याख्या नाहीत, उत्तरेही नाहीत. पानोपानी करून पाहायच्या गोष्टी आणि त्यावर प्रश्न. मला वाटले, पुस्तक अपुरे छापले असावे. मागाहून त्याचा इतिहास वाचला.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नाव नर्मदापुरम) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम राज्य शासनाच्या परवानगीने सुरू केला. त्याच्या मुळाशी मुंबईचाही एक धागा आहे. भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने प्रयोगातून विज्ञान शिकवण्याची एक पद्धत तयार केली होती, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ती मुंबई महापालिकेच्या शाळांत वापरून पाहिली गेली होती. तेथून स्फूर्ती घेऊन किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. पुढे दिल्ली विद्यापीठातील अनेक प्राध्यापक येऊन मिळाले. १९७८ साली हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे चालवला, आणि तो अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पोचला.

या कार्यक्रमाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण तिचे महत्त्व तपशिलात आहे. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या करीत. प्रत्येक टोळीला स्वस्त, साध्या साहित्याचा संच मिळे आणि टोळी स्वतः प्रयोग करी. निरीक्षणे वहीत स्वतःच्या भाषेत लिहायची. मग सर्व टोळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडायचे. ते जुळत नसत, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होई: कोणाचे का वेगळे आले, पुन्हा करून पाहायचे का, निष्कर्ष काय काढायचा. शेण उघड्यावर ठेवून त्यात माशीची अंडी, अळ्या, कोष कसे होतात ते मुले दिवसेंदिवस पाहत. पिके, माती, पाने, जलचर यांसाठी वर्ग शेतात आणि ओढ्यावर जाई.

शिक्षकांचे प्रशिक्षणही त्याच पद्धतीने. उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातले शिक्षक आणि विद्यापीठातले प्राध्यापक एकत्र बसून तेच प्रयोग करीत. तीन वर्षांच्या पुस्तकांसाठी अशी तीन शिबिरे. वर्षभर मासिक बैठका होत. तिथे शिक्षक आपली फसगत सांगू शकत. परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा असे. सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी त्याला मनातले प्रश्न पत्राने पाठवायचे आणि त्यांना उत्तर जायचे. खेड्यातले मूल आपल्या अक्षरात प्रश्न लिहिते आणि कोणीतरी तो गांभीर्याने घेते, एवढी एक गोष्टही आपल्या शिक्षणव्यवस्थेत दुर्मीळ आहे.

टोळी या शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा थांबलो. चार मुले, एक संच, एक ग्लास पाणी. पाणी एकाने ओतायचे, दुसऱ्याने धरायचे, तिसऱ्याने मोजायचे. ज्या देशात ग्लासाची शिवाशीव शतकानुशतके पाळली गेली, त्या देशातील खेड्यात हे केवळ अध्यापनतंत्र राहत नाही. त्याच वेळी माझी स्वतःची चौघांची टोळीही मला आठवली, जिच्यात मी लेखनिक होतो. मुलांना वर्तुळात बसवले म्हणून वर्तुळातली उतरंड आपोआप मोडत नाही. ब्युरेट आज कोणाच्या हाती, उद्या कोणाच्या, नळ्या कोण धुणार, हे शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

५

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद विज्ञान बंद केले. तीस वर्षांचा कार्यक्रम. सबंध राज्यात एकच अभ्यासक्रम हवा, या शाळांतली मुले पुढच्या बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, अशी कारणे पुढे आली. देशभरच्या वैज्ञानिकांनी, शिक्षकांनी निषेध केला. आक्षेपांना उत्तरे दिली गेली. उपयोग झाला नाही. तीनच वर्षांनी, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, मुलाने कृतीतून आणि विचारातून स्वतः ज्ञान रचावे ही भूमिका देशासाठी मान्य झाली. कागदावर तत्त्व आले, आणि ते जिथे शाळेत उभे होते तिथून ते गेलेले होते.

या शेवटावर नुसता शोक करून आपले भागणार नाही. आपल्या बाजूने त्याची चिकित्सा केली पाहिजे, कारण त्यात पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अडकलेला आहे. आठवीपर्यंत 'का' विचारणारे मूल नववीत जाते आणि तेथे व्याख्या, सूत्रे, नेमके शब्द मागितले जातात. सुशिक्षित घरातील मुलाला ते शब्द घरी मिळतात, शिकवणीत मिळतात. आपल्या मुलाला ते शाळेतच मिळाले पाहिजेत. दुसरीकडे कुठे मिळणार? 'स्वतः शोधून काढा' असे म्हणून शिक्षक बाजूला झाला, तर ज्याच्या घरी पुस्तक नाही तो शोधतच राहतो. होशंगाबादच्या लोकांना हे कळत होते असे त्यांच्या रचनेवरून दिसते, म्हणूनच त्यांनी पद्धतीबरोबर परीक्षा बदलली, प्रशिक्षण बदलले, पुस्तक बदलले. जिथपर्यंत परीक्षा त्यांच्या हाती होती तिथपर्यंत कार्यक्रम टिकला. त्यापुढचा दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात होता.

मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऐंशीच्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावा: या मुलांत बुद्धीची उणीव नव्हती. पुस्तकाची परकी भाषा आणि शाळेबाहेर आधार नसणे हे अडथळे होते. ते दूर करताच मुले पुढे गेली. आमच्या मराठी पाठ्यपुस्तकात कठीण पाण्याला 'दुष्फेन' म्हटले आहे. माझ्या विद्यार्थिनीची आई त्याला 'जड पाणी' म्हणते. त्या बाईने साबणाचा फेस, डाळ, भांड्यावरचा पांढरा थर, सगळे पाहिले आहे. पुस्तकातला शब्द तिच्या मुलीला तिच्याच घरातल्या पाण्यापासून तोडतो. मुलीला 'दुष्फेन' हा शब्द आला पाहिजे, कारण परीक्षेत तोच येणार. पण तो 'जड पाण्या'च्या पाठीवर बसून आला पाहिजे.

६

"हे तपासायचं झालं तर तू काय करशील?" या प्रश्नावर ती दोन दिवसांनी उत्तर घेऊन आली. तिच्या गटाने चार ठिकाणचे पाणी आणायचे ठरवले: गावाच्या नळाला ज्या विहिरीचे पाणी येते ती विहीर, वस्तीतली बोअर, एका बागायतदाराच्या मळ्यातली बोअर आणि महाविद्यालयाचा नळ. एकाच पुड्यातली तूरडाळ सारखी मोजून, सारख्या आचेवर, सारखा वेळ शिजवायची. 'शिजली' म्हणजे काय यावर गटात तासभर वाद झाला. शेवटी प्रत्येक भांड्यातले पन्नास दाणे घेऊन, चिमटीत किती चिरडतात ते मोजायचे ठरले. मला ते सुचले नसते. आमचे प्रयोगशाळा परिचर म्हणाले, "सर, आता इथं डाळच शिजवायची राहिली होती." पण स्टोव्ह त्यांनीच आणून दिला.

बाटल्या आल्या. गावातल्या एका मुलाने एका बाटलीवर वस्तीचे जुने, जातीचे नाव लिहिले होते. तो ते नाव लहानपणापासून तसेच ऐकत आला होता. अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली घेतला, परंतु जिभेवरचे नाव शासननिर्णयाने पुसले जात नाही. वर्ग गप्प झाला. मी बोलण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात त्या विद्यार्थिनीने चिठ्ठी काढून टाकली आणि म्हणाली, "नावंच नकोत. अ, आ, इ, ई लिहू. यादी सरांकडं राहील. जो मोजणार त्याला पाणी कुठलं ते कळायलाच नको, नाहीतर तो मनातलं रीडिंग घेईल."

मोजणाऱ्याला नमुन्याचे मूळ ठाऊक नसावे हा विज्ञानातला मोठा दंडक आहे. औषधांच्या चाचण्यांत तो पाळतात. मी तो पदव्युत्तर वर्गात पुस्तकातून शिकलो. तिला तो जगण्यातून ठाऊक होता. माणसाचे मूळ कळले की त्याचे मोजमाप कसे बदलते, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

ब्युरेट प्रत्येकाने धरायचे असा नियम मी केला. वाइनसारख्या लाल रंगावरून निळ्यावर येणारा थेंब काहींचा चुकला, दोन पिपेट फुटले, आकडे फळ्यावर मांडले तेव्हा जुळले नाहीत. पुन्हा केले. एका प्रॅक्टिकलचा प्रयोग तीन आठवडे चालला आणि अभ्यासक्रमातले दोन प्रयोग मागे पडले. ते मला रविवारी घ्यावे लागले. अनेक वर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे परवडणारे नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. अशा शिक्षणाची किंमत असते आणि ती शासनाने द्यायची असते, एकट्या शिक्षकाच्या रविवारने नव्हे.

मी मनात एक भाषण तयार केले होते. यादी उघडेल, वस्तीचे पाणी सर्वांत कठीण निघेल आणि मी महाडवर बोलेन. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्याल्यावर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना पाण्यावर बंदी ही अनादि काळची वहिवाट आहे हा दावा पुराव्याला उतरला नाही, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. रूढीची तपासणी झाली आणि रूढी नापास झाली. हे सर्व मी सांगणार होतो.

यादी उघडली. विहिरीचे पाणी खरोखरच सौम्य होते आणि त्यातली डाळ सर्वांत चांगली शिजली होती. वस्तीच्या बोअरचे पाणी कठीण होते. परंतु बागायतदाराच्या बोअरचे पाणी त्याहून किंचित अधिकच कठीण निघाले. दोन्ही बोअर खोल, दोन्ही एकाच काळ्या खडकातल्या. माझे भाषण घशात अडकले. खरे सांगतो, क्षणभर मला तो आकडा नकोसा झाला. बी.एस्सी.ला असताना मी तो बसवून घेतला असता.

विद्यार्थिनीने फळ्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाली, "म्हणजे खडकाला जात नाही. पण त्यांच्याकडं बोअर आहे, नळ आहे, वर फिल्टर आहे. नळाची लाईन आमच्या वस्तीच्या अलीकडं थांबते. आम्हाला हेच एक पाणी." मग तिने वहीत लिहिले: पाण्याचा कठीणपणा जमिनीने दिला आहे, दुसरे पाणी नसणे गावाने दिले आहे.

माझ्या तयार भाषणापेक्षा हे वाक्य अधिक अचूक होते, आणि म्हणून अधिक धारदार. मी सांगितले असते की तुमचे पाणी वाईट आहे, तर सरपंचाने बागायतदाराच्या बोअरकडे बोट दाखवून आम्हाला गप्प केले असते. आता तसे करता येणार नव्हते. गटाने आकड्यांचा तक्ता जोडून नळाच्या लाईनसाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. बाटलीवर जातीचे नाव लिहिणाऱ्या मुलाचीही त्यावर सही आहे. त्याने ती मागून घेतली. अर्जावर आवक शिक्का बसला. हे लिहीपर्यंत लाईन पुढे सरकलेली नाही.

७

चळवळीत आपण 'वैज्ञानिक दृष्टी' हा शब्द फार सहज वापरतो. अंधश्रद्धेवर भाषण दिले, घोषणा दिली, की ती दृष्टी आली असे समजतो. आपल्या मनाविरुद्ध आलेला आकडा न खोडता फळ्यावर राहू देणे, ही तिची पहिली कसोटी आहे असे मला त्या दिवसापासून वाटते. ती घोषणेने येत नाही. वस्तू हातात घेऊन, चुकून, मोजून, परत मोजून येते. आणि वस्तू हातात घेण्याचा हक्क आपल्या मुलांना आजही सर्वत्र मिळालेला नाही. कुठे कपाटाला कुलूप आहे, कुठे प्रयोगशाळेत शिक्षक नाही, कुठे गटात आपले मूल अजून फक्त रीडिंग लिहीत आहे.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच: पुढच्या प्रॅक्टिकलला वर्गात एक फेरी मारा आणि तोटी कोणाच्या हातात आहे, वही कोणाच्या हातात आहे आणि शेवटी नळाशी कोण उभे आहे ते पाहा. कार्यकर्त्यांना सांगणे: शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांसाठी आपण लढलो, लढत आहोत, त्याच मोर्चात शाळेच्या प्रयोगशाळेच्या किल्लीचीही मागणी करा. विद्यार्थ्यांना सांगणे: अक्षर चांगले आहे असे कोणी म्हटले तर वही जरूर घ्या, पण आधी ब्युरेट मागा.

ती विद्यार्थिनी आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने विचारले, "सर, पावसाळ्यात नि उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचा कठीणपणा सारखाच राहतो का?" मला ठाऊक नव्हते. मी तिला तसे सांगितले. बाटल्या तिने धुऊन ठेवल्या आहेत; पहिला नमुना मे महिन्यात घ्यायचा आहे.